सुरंगवीराचे रिकामे फुगे

सुहास गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाहपुरात मुलीकडे होते. राजपुऱ्यात घरी पोचेपर्यंत त्याच्या कॉमिकच्या फॅन ग्रुपवर श्रद्धांजल्या सुरूही झाल्या होत्या. ‘भैया, आप अमर हो’... याच लोकांनी माझ्या धाकट्या भावाला ‘दुकान बंद करो’ म्हणून सुनावलं होतं. महिना उलटला, माझा राग उतरलेला नाही. मला तो उतरवायचाही नाही.

आमचं हिंदी कॉमिक, भुयारातल्या वीराचं, ‘सुरंगवीर’. चित्रं त्याची, अक्षर माझं. पात्रांच्या तोंडाजवळचे संवादाचे फुगे तो मोकळे सोडायचा आणि खिडकीजवळच्या टेबलाशी चहा घेत एकेक वाक्य तोंडी सांगायचा. मी टाक बुडवून फुगे भरायची. बसस्टँडवरचा स्टॉलवाला म्हणायचा, अंक पातळ द्या, स्वस्त द्या, पोरं उचलतात. तसंच करत होतो आणि बरं चाललं होतं. पण फॅन मंडळींना ते हलकं वाटायचं. त्यांना जाडजूड अंक हवा होता, गुळगुळीत कागद, पुठ्ठा बांधणी. "भैया, आप छापो तो सही, हम हैं ना!" सुहासने ग्रुपवर विचारलं, कोण कोण घेणार? होकाराच्या अंगठ्यांची रांग लागली. आणि माझ्या या शहाण्या भावाने त्या अंगठ्यांवर विसंबून छपाई केली!

अंक आला. एकाने घेतला, पानन् पान स्कॅन करून ग्रुपवर टाकला. बाकीच्यांनी फुकट वाचला, वर रंग फिके म्हणून नावंही ठेवली. उरलेले गठ्ठे रद्दीच्या भावात फोपनारच्या केळीवाल्यांकडे गेले, केळीच्या फण्यांमध्ये घालायला. गाडी भरण्याआधी सुहासने मुखपृष्ठं तेवढी फाडून ठेवली. मी शिव्या देत होते, तर मलाच समजावायला लागला... "ताई, ते झूठ नाही बोलत. त्यांना पढायचंच असतं. खरीदायचं नसतं, बस." पुढचा अंक निघालाच नाही. सुरंगवीर बुजलेल्या भुयारात अडकला होता, तो तिथेच राहिला.

आजारपणात सुहासने शेवटचा भाग काढला. संवाद मला सांगितले, पण ते फुग्यात उतरवायच्या आत तो गेला. तेरावं होत नाही तोच ग्रुपवर मागणी आली, "दीदी, आखिरी पार्ट स्कॅन करके डाल दो, यही सच्ची श्रद्धांजलि होगी."

टाकला. पानन् पान, स्वच्छ. फुगे तसेच रिकामे ठेवून. सुरंगवीर तोंड उघडून काहीतरी बोलतो, समोरची म्हातारी रडते, भुयारात पाणी वाहू लागतं... का, ते कुणालाच कळत नाही. ग्रुप नुसता तडफडतोय. तडफडू दे.

रोज संध्याकाळी मी त्या टेबलाशी चहा घेऊन बसते आणि सुहासचे ते संवाद विसरू नयेत म्हणून एकदा मोठ्याने म्हणते. शाईची बाटली उघडत नाही. काल पुन्हा कुणीतरी विचारलं, "दीदी, डायलॉग भर दोगी ना?"

मी लगेच एक अंगठा पाठवला.