भिवा आगरी आणि तांगूचं मीठ

आखातातल्या हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या वेअरहाऊसच्या भिंतीवर एक नकाशा होता. त्याने पाच वर्षं माझं डोकं उठवलं.

नकाशा तांगूचा. उत्तर चीनमधल्या तियानजिन शहराचा समुद्राकडचा भाग म्हणजे तांगू. आमच्या कंपनीचे लोखंडी पाइपांचे जोड तिथल्या बंदरातून यायचे. शहाण्या माणसाने कंटेनर उतरवावा, सही करावी आणि चहा प्यावा. पण आमचा फोरमन भिवा घरत पडला चौकस. "ज्या गावचा माल रोज उतरवतो, ते गाव कसं हाय ते कलाया नको?" असं म्हणून त्याने शहाण्णव साली एका शिपिंग कॅलेंडरच्या मागचा तो नकाशा भिंतीला चिकटवला. वरचं इंग्रजी वाचून दाखवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी वसईचा लॉरेन्स, ऑफिसात कागदपत्रं बघणारा, आणि तिथे मराठी कळणारा दुसरा कोणी नव्हता.

हळूहळू भिवाला तांगू तोंडपाठ झालं. नदीच्या मुखाशी जुने किल्ले, त्यांच्यावर इंग्रज आणि फ्रेंच चाल करून आले होते. आगगाडी १८८८ सालची. नदीचं मुख गाळाने भरायचं म्हणून समुद्रात भर घालून केलेलं नवं बंदर. बीजिंगहून थेट आलेला मोठा हायवे. नव्या ड्रायव्हरला हे सगळं ऐकल्याशिवाय चहा मिळत नसे. एकदा मी त्याची फिरकी घ्यायला गेलो.

"भिवा, तुझ्या त्या नदीचं नाव काय?"

"हाय."

"आहे ते माहीत आहे रे. नाव सांग."

"हाय!"

आम्ही चांगली पाच मिनिटं भांडलो. शेवटी त्याने नकाशावर बोट ठेवलं. नदीचं नावच हाय होतं. ते त्याला मीच वाचून दाखवलं होतं आणि मीच विसरलो होतो.

दोन हजार एकच्या मार्चमध्ये लागोपाठ दोन कंटेनरमधला माल गंजलेला निघाला. कारखान्याने फॅक्स पाठवून हात झटकले. माल उत्तम होता, म्हणे, तुमच्या वेअरहाऊसमध्ये ओल लागली. वेअरहाऊस म्हणजे भिवा. मॅनेजर तय्यबसाहेबांनी त्याला बोलावून सांगून टाकलं, येत्या गुरुवारी व्हिसा कॅन्सल, खलास. त्या काळी आमचे पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात असत. भिवाचा पासपोर्ट कपाटातून निघून टेबलावर आलेला मी पाहिला.

भिवा मात्र जागचा हलला नाही. "साब, इस माल में मीठ है."

"मीठा? लोहा मीठा है?"

"मीठा नहीं साब, नमक," मी मध्ये पडलो.

"आगर का नमक," भिवा म्हणाला.

तय्यबसाहेबांनी फाइल उघडली. "तुम तो खेतीवाला आदमी. लिखा है, अ‍ॅग्री वर्कर. तुमको नमक का क्या मालूम?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भिवा पेणचा. मुंबईच्या एजंटने विचारलं, काम काय करतोस? हा म्हणाला, आगरी. एजंटने ऐकलं अ‍ॅग्री, अ‍ॅग्रिकल्चरचं लघुरूप समजून पुढे टिंब दिलं आणि मिठागरात जन्म काढलेल्या माणसाला कागदावर शेतकरी करून टाकलं. मला भयंकर राग आला. तय्यबसाहेबांचा आलाच, पण जास्त माझा स्वतःचा आला. पाच वर्षं ती फाइल माझ्याच कपाटात होती.

भिवाने एकच मागणं मागितलं. मंगळवारी तिसरा कंटेनर येतोय, तो मालाची तपासणी करणाऱ्या सर्व्हेअरच्या समोर उघडा. तय्यबसाहेब "ठीक है" म्हणाले, पण पासपोर्ट टेबलावरच राहिला.

मंगळवारी गेटजवळच सील तोडलं. माल आतूनच गंजलेला. सर्व्हेअर म्हणाला, "जहाज पे समंदर का पानी घुसा होगा." तय्यबसाहेबांनी मान हलवली. म्हणजे या कंटेनरचा दोष समुद्राचा, आधीच्या दोन्हींचा अजूनही भिवाचा. पासपोर्ट होता तिथेच!

भिवा कंटेनरमध्ये शिरला आणि मालाखालच्या लाकडी पॅलेटखाली हात घालून मूठभर दाणे घेऊन बाहेर आला. मग त्याने खिशातून बामची जुनी डबी काढली. पहिल्या दोन कंटेनरमधले दाणे त्याने त्यात जपून ठेवले होते. दोन्ही त्याने एका पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ओतले. तेच चौकोनी दाणे, त्यांना तोच काळा चिखल.

"समुद्राचं पानी सुकलं तर नुसता पापुद्रा धरतो," तो म्हणाला. "ह्यो दाना हाय. दाना धरायला बांध लागतो, ऊन लागतं, आगर लागतं. आनि ह्यो चिखल खाडीकाठच्या खाजनातला."

मी हिंदीत सांगत होतो आणि माझाच आवाज चढत होता. भिवा सगळ्यांना नकाशापाशी घेऊन गेला. तांगूच्या रेल्वेलगत चौकोनच चौकोन आखलेले होते. "ही मिठागरं. माल गाडीतून हितं उतरला आनि मिठाच्या ढिगाशेजारी पडून रायला. इचारा त्यांना."

तय्यबसाहेबांनी नकाशाकडे पाहिलं, कागदावरच्या दाण्यांकडे पाहिलं. "लॉरेन्स, फॅक्स करो. यल्ला, जल्दी!"

उत्तर बुधवारी दुपारी आलं. वॅगनमधून उतरवलेला माल तीन आठवडे मिठाच्या शेडमध्ये पडून होता, चूक आमची, तिन्ही कंटेनर बदलून देतो. तो कागद घेऊन मी ऑफिसपासून वेअरहाऊसपर्यंत पळालो. त्या वयात मी कशासाठीच पळत नसे. वेअरहाऊसमध्ये टाळ्या, शिट्ट्या, सगळा गोंधळ. मागोमाग तय्यबसाहेब स्वतः चालत आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "भिवा, मेरी गलती हुई. तांगू जाएगा? माल रखने की जगह तुम पसंद करके आओ."

गुरुवारी तो पासपोर्ट टेबलावरून उचलला गेला खरा, पण चीनच्या व्हिसासाठी. फॉर्म भरायला भिवा माझ्यासमोर बसला.

"व्यवसायाच्या रकान्यात काय लिहू?"

"आगरी. आनि या टायमाला पुरं लिव, लॉरेन्सभाऊ. टिंब नको."

मी मोठ्या अक्षरांत पूर्ण लिहिलं.

एप्रिलमध्ये एका दुपारी माझ्या टेबलावरचा फोन वाजला. पलीकडून भिवा ओरडत होता. तांगूच्या शिपिंग एजंटच्या ऑफिसातून बोलत होता, खिडकीतून नदी दिसत होती.

"हाय का?" मी विचारलं.

"हाय! लॉरेन्सभाऊ, हाय!"

मी भर ऑफिसात उभा राहून "हाय!" म्हणून ओरडलो. तय्यबसाहेब दचकून केबिनबाहेर आले.

"क्या हुआ?"

"कुछ नहीं साब," मी डोळे पुसत म्हणालो, "नदी है."