वरमायच्या पानावरची बुंदी

माझं पोट दुखतं आणि त्यासाठी मी पथ्य करते, असं आमच्या घरानं साऱ्या मालेगावला, वाशीमजवळच्या आमच्या गावाला, सांगून ठेवलं होतं. पोट माझं ठणठणीत होतं. मला मधुमेह होता, तोही पोरवयातच आलेला, आणि सकाळ-संध्याकाळ सुईनं इन्सुलिन टोचल्याशिवाय मी जगलेच नसते. पण मला थोरली बहीण होती, तिचं लग्न व्हायचं होतं. ‘त्या घरात रोग आहे’ एवढं कोणी बोललं असतं तर अक्काला कोणी दारात उभं केलं नसतं. म्हणून ती पोटदुखी.

लपवण्याचं काम घरच्यांचं. जगण्याचं काम मी माझ्या हातात घेतलं होतं. औषधाची बाटली अकोल्याहून बाबा आणायचे. ती ओल्या वाळूतल्या मडक्यात थंड राहायची. काचेची पिचकारी मीच उकळायची, सुई बोथट झाली की सहाणेवर घासायची आणि मांडीत टोचायची. पहिल्यांदा टोचली तेव्हा माय डोळे गच्च मिटून उभी. मी म्हटलं, “तुले टोचून राह्यली का मी? उघड डोये.”

भाकर मी ताजव्यात तोलून खात असे. काकूलाही खरं माहीत नव्हतं. ती विचारायची, “सोनं खातं का वं तू?” खाऊ दे ना सोनं, तिच्या बापाचं काय जात होतं! साखर किती उतरते ते पाहायला लघवी निळ्या औषधात घालून काचेच्या नळीत तापवायची. निळी राहिली तर राजी, विटकरी झाली तर दुसऱ्या दिवशी भाकर कमी. नियम एकच मोडायचा नाही: सुई टोचली की थोड्या वेळात पोटात अन्न गेलंच पाहिजे. नाही गेलं तर घाम सुटतो, हात थरथरतात, मग शुद्ध जाते, आणि शुद्धीमागून जीवही जाऊ शकतो. डॉक्टरांनी हे मला तोंडावर सांगितलं होतं, आणि बरं केलं.

अक्काचं लग्न ठरलं रिठदच्या घरी. दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती ती. लग्न गोरज मुहूर्तावर, त्याआधी दुपारी वऱ्हाडाला जेवण. त्या दिवशी गडबडीत सकाळची सुई दुपारवर गेली होती. मांडवात पानं मांडली, वाढणं सुरू झालं, हे डोळ्यांनी पाहून मी आतल्या खोलीत जाऊन सुई टोचून आले. माझा हिशेब बरोबर होता. फक्त त्यात वरमाय धरली नव्हती.

झालं असं, की आमच्या काकूनं हळदीकुंकू लावायला सुरुवात केली ती वरमायच्या जावेपासून. त्या जावेची नथ मोठी, काकूला वाटलं हीच नवऱ्या मुलाची आई. वरमाय वाढलेल्या पानावरून उठली आणि मांडवाच्या खांबाशी पाठ फिरवून बसली. आमच्याकडची रीत अशी, की वरमायनं पहिला घास घेतल्याशिवाय मांडवात कोणी शिताला हात लावायचा नाही. मुलीकडच्यांनी तर नाहीच नाही. माय पदर पसरून विनवत होती, बाबा हात जोडून उभे, आणि बाई काही वळेना.

पदराच्या गाठीला मी गुळाचा खडा बांधलेला असे. तो खाल्ला. थोडा वेळ धकलं, मग पुन्हा घाम सुटला. चुलीकडे गेले तर तिथं काकू पहारा देत उभी, “वरमाय जेवल्याबिगर एक दाना नाही भेटनार.” मायकडे पाहिलं. तिनं माझे हात पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. एकीकडे मी, दुसरीकडे अक्का. मला तेव्हा भीती वाटली नाही, संताप आला. एका नथीपायी मी मरू?

मी सरळ पंगतीत गेले. डोळ्यांपुढे अंधारी येत होती. सर्वांत जवळचं पान गाठलं, मूठ भरून बुंदी तोंडात कोंबली, आणखी एक मूठ. मग कळलं, भोवती रांगोळी असलेलं ते पान वरमायचंच होतं.

ती वळली. “माह्या पानावर कोन बसलं?”

माय पुढं झाली. अक्का हळदीच्या अंगानं दारात उभी होती. अंगातली थरथर जराशी कमी झाली तशी मीच बोलले. “मी बसली, मावशी. मले साखरेची बिमारी आहे. सुई टोचून घेतली होती, जेवली नसती तर मेली असती. रागवाचं तर माह्यावर रागवा, अक्कावर नोका रागवू.”

बाबांनी डोळे मिटले. वरमाय उठून माझ्यापुढे येऊन बसली.

“पहिले लय पानी पेत होती का तू?”

“हो.”

“वाळून गेलती? मुताले मुंग्या लागत?”

“हो.”

“सुई दाखव.”

मी डबा आणला. तिनं पिचकारी पाहिली, मग बाटली हातात घेऊन उजेडाकडे धरली. “एवढुसं पानी,” ती म्हणाली. “माही पोरगी पानी मांगत मांगत गेली. आमी म्हनलं नजर लागली. तुह्याच वयाची राह्यली असती.” मग तिनं मला विचारलं, “हे तवा होतं का वं?”

होतं. मी पाळण्यात होते तेव्हापासून अकोल्यात ते मिळत होतं, हे डॉक्टरांनीच मला सांगितलं होतं. रिठदहून वाशीमपर्यंत बैलगाडी आणि पुढे रेल्वे, एवढ्याच अंतरावर. माझी जीभ कधी कोणापुढे अडली नव्हती. ती त्या बाईपुढे अडली.

“नाही, मावशी,” मी म्हटलं. “तवा निघालंच नव्हतं. कोनापाशीच नव्हतं.”

तिनं बाटली माझ्या हातात परत ठेवली. “मंग ठीक आहे,” म्हणाली, माझ्या उष्ट्या पानावरच बसली, आणि पहिला घास घेतला.