सात नंबरची पट्टी

दुपारी जेवून पाठ टेकली की डोळा लागायच्या आधी ते पत्र आठवतं. बारा वर्षं झाली. सांत्वनमातेच्या भगिनींच्या मठातून सिस्टर पर्पेतुआंनी ते पाठवलं होतं. मठाचे कपडे धुण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांच्या भगिनीसंघाच्या स्थापनेवरच्या माझ्या पुस्तिकेत संस्थापिकेचं नाव चुकलं आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. पत्राला कापडाची पट्टी टाचलेली, मठात प्रत्येकीच्या कपड्यांवर तिच्या नंबराची असते तशी, तिच्यावर लाल दोऱ्याने घातलेला सात. मी उत्तर दिलं नाही. त्या वारल्या. आता संघाची शंभरी आहे. पुस्तिका पुन्हा छापतोय, काही बदल असल्यास कळवा, असं मठाच्या आताच्या प्रमुख सुपीरियरनी लिहिलं आहे. आठवडाभर मी पेनाचं टोपण नुसतं काढतो, लावतो.

पंखा फिरतो आहे. त्याचा आवाज पाण्याचा होतो. कॉटच्या पायथ्याशी धुण्याचा हौद आहे आणि मला त्याचं नवल वाटत नाही. बाह्या वर केलेल्या सिस्टर पर्पेतुआ एक झगा पिळताहेत.

"धरा दुसरं टोक, मास्तर."

मी धरतो, पिळतो.

"अहो, माझ्याच बाजूला काय फिरवताय? पीळ सुटला सगळा. एवढी पुस्तकं वाचलीत, कपडा कधी पिळला नाहीत वाटतं!"

"सिस्टर, तुमचं पत्र..."

"वाचलंत का?"

"पाठ आहे."

हौद नाही. माझ्या शाळेचं ग्रंथालय आहे, पण कपाटात पुस्तकांऐवजी पांढऱ्या कपड्यांच्या घड्या, प्रत्येकीच्या कोपऱ्यावर नंबर. मी एक नंबरची घडी काढतो.

"ही मदर फेलिसितांची. पहिला नंबर, म्हणून मी त्यांनाच संस्थापिका लिहिलं."

"नंबर घातले कोणी, विचारलंत?"

"नाही."

"मदर रेमेडियांनी, पत्रातही लिहिलं होतं मी. सहा मुली घेऊन त्याच इथे आल्या. आधी मुलींचे नंबर घातले, मग आपला. वाढणारी बाई आधी जेवते होय? आमच्यात गेलेल्या सिस्टरचा नंबर नव्या मुलीला देतात. त्यांचा सात मला मिळाला, तेव्हा म्हाताऱ्या सिस्टरांनी सांगितलं हे."

"मी कागदोपत्री पुरावा शोधत होतो."

"बारा वर्षं?"

मी खाली बघतो. "लाज वाटली. इतकी वर्षं लोक ते पुस्तक वाचत होते."

"किती लोक?"

"दोनशे प्रती होत्या. निम्म्या माझ्याच माळ्यावर आहेत."

त्या खळखळून हसतात. मग घडी माझ्या हातातून घेऊन नीट जागेवर ठेवतात.

"मला घाई नाही हो, मी मेलेय. पण शंभरीला नव्या मुली चुकीच्या बाईचे आभार मानतील. तिकडे फेलिसिताच ओशाळून बसलीय."

चार वाजलेत. पंखा फिरतो आहे. माझ्या मुठीत ती पट्टी आहे. झोपण्यापूर्वी मीच पाकिटातून काढली असेल. ती ओली आहे. माझ्या तळहातांना घाम येतो, हेही खरं.

मी उठून सुपीरियरना पत्र लिहितो. पाच ओळी होतात. संस्थापिका मदर रेमेडिया, चूक माझी, ती सिस्टर पर्पेतुआंनी दाखवली होती, हे पुस्तिकेत छापावं. 'कदाचित' हा शब्द दोनदा येतो, दोनदा खोडतो. पत्राला पट्टी टाचतो, त्यांनी टाचली होती तशीच.

टपालपेटी पाचला उघडतात. पावणेपाचला मी पत्र आत सोडतो. बोटांना अजून ओल आहे. ती सदऱ्याला पुसत नाही.