रसिकांचा तिरुपद उत्सव

कुंभकोणमला भरलेल्या रशियन चित्रपट महोत्सवाची सुरुवात मराठी कीर्तनाने झाली. हे माझ्यामुळे झालं.

मी मूळची सोलापूरची. लग्न होऊन आले ती कुंभकोणमच्या मराठी घरात. हे लोक मराठ्यांच्या राज्यात तंजावरकडे आले आणि इथलेच झाले. घरात बोलतात ती मराठी तीनशे वर्षांपूर्वीची, आणि उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की तमिळ. (घरातली मराठी मला निम्मी कळते, बाहेरचं तमिळ त्याहून कमी. पण सगळं कळल्यासारखी मान हलवण्यात माझा हात धरणारं कोणी नाही!)

सासरे, म्हणजे मामंजी, बँकेतून निवृत्त झालेले. पूर्वजांनी रचलेली कीर्तनातली मराठी पदं त्यांना तोंडपाठ. पण गावात ती ऐकायला कोणी उरलं नव्हतं. एकादशीला ते देवघरापुढे बसून गात आणि श्रोत्या म्हणून एकट्या सासूबाई असत, त्याही शेवग्याच्या शेंगा सोलत.

"एकदां माणसांपुडे म्हणाचं होतं," मामंजी चिपळ्या ठेवताना म्हणत. मला फार वाईट वाटायचं.

अशात एका सकाळी फोन आला. नवरा कामाला चेन्नईत, बाकीचे देवळात, घरात मी एकटी आणि शेजारी इडलीचं पीठ वाटणारा ग्राइंडर घरघरत होता. फोनवर गल्लीच्या टोकाला राहणारे सुंदरम सर. ते तमिळमध्ये भरभरून बोलले. त्यातून मी कामाचं तेवढं वेचलं. रविवार, संध्याकाळ, आणि "रसिक तिरुपद विळा"!

तिरु म्हणजे पवित्र. हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण पलीकडच्या तिरुविडैमरुदूरपासून निम्म्या गावांच्या नावाआधी तिरु असतंच. विळा म्हणजे उत्सव. आणि पद म्हणजे पद! वर सर असंही म्हणाले, की मामांनी, म्हणजे मामंजींनी, दिवा लावून "रेंडु" काहीतरी म्हणावं. रेंडु म्हणजे दोन. दोन पदं! मी मान हलवली. (फोनवर!)

"मामंजी, तुम्हाला पदं म्हणायला बोलावलंय! रसिकांचा मोठा उत्सव आहे!"

"मला? कोण तें बोलावणारं?"

"सुंदरम सर!"

मामंजी झोपाळ्यावर टेकले. घसा खाकरून म्हणाले, "अस्के जाऊं."

अस्के म्हणजे सगळे. रविवारी आम्ही खरोखरच अस्के निघालो. मामंजी जरीच्या पगडीत, सासूबाई नऊवारीत. साक्कोट्टैहून चुलतसासरे राजप्पा काका आले, ते बसमध्ये मृदंगाला खिडकीची जागा देऊन आणि स्वतः उभे राहून! पुढे नारळाचं ताट घेऊन मी.

मंगल कार्यालयाच्या दारात सुंदरम सरांनी हात जोडले. मृदंग पाहून त्यांचं हसू अर्ध्यावरच थांबलं. मी तिकडे लक्ष दिलं नाही. व्यासपीठावर मागे नुसता पांढरा पडदा होता.

"किती साधी सजावट!" मी सासूबाईंना म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पदर सारखा केला.

पहिल्या रांगेत एक गोऱ्या बाई आणि एक गोरे गृहस्थ बसलेले. परदेशी भक्त! (कुंभकोणमच्या देवळांत असे भक्त नेहमी दिसतात. माझी काय चूक?)

मामंजींनी समई लावली. सरांनी माइक पुढे केला. मामंजींनी तो अलगद बाजूला सारला, चिपळ्या काढल्या, राजप्पा काकांनी मृदंगावर थाप दिली आणि पहिलं पद सुरू झालं. काय आवाज लागला होता! मी अभिमानाने मागे वळून पाहिलं, तर सगळा हॉल तोंड उघडं टाकून बसलेला. रसिक असावेत तर असे!

तेवढ्यात सुंदरम सर माझ्या कानाशी आले. "अम्मा, मामा का गातायत?"

"तिरुपद विळा ना?"

"तिरैप्पड!" सर कुजबुजत किंचाळले. "तिरैप्पड विळा! रसिक नाही, रशिया! रशिया देश! सिनेमा, अम्मा, सिनेमा!"

सिनेमा मला कळलं. आता मामंजींना थांबवणार कोण? डोळे मिटून, मान डोलवत माणूस आयुष्यभर राहून गेलेलं गाणं गात होता!

त्यात वर प्रोजेक्टरवाल्याला सांगून ठेवलेलं, की दिवा लागला की चित्रपट लावायचा. दिवा लागून बराच वेळ झाला होता. खटकन अंधार झाला आणि मामंजींवर बर्फ पडायला लागला! पगडीवरून घोडे दौडत गेले. धोतरावर एक भलीमोठी बाई ढसाढसा रडायला लागली. चित्रपट जुना, मुका. मामंजींनी डोळे उघडले, वळून त्या बाईकडे पाहिलं आणि दुसरं पद करुण रागात धरलं!

मी पदरात तोंड लपवलं. पद संपलं आणि टाळ्या ऐकू आल्या. पाहते तर गोऱ्या बाई उभ्या राहून, डोळे पुसत टाळ्या वाजवतायत. मुक्या चित्रपटाला जिवंत संगीताची सोय केली म्हणून त्यांनी सरांचा हात हातात घेतला. सरांनी मान हलवली. अगदी माझ्यासारखी!

परतताना रिक्षात मला रडू फुटलं. "मामंजी, चूक झाली हो माझी. तो सिनेमाचा उत्सव होता."

"ठावें," मामंजी म्हणाले.

"ठावें? कधीपासून?"

"फाटकापासून. एवडीं मोठीं अक्षरें होतीं."

"मग गायलात कशाला?"

"सुंदरमानें दोन शब्द बोला म्हट्लं. बोललों, तालांत." मग रिक्षाबाहेर बघत हळूच म्हणाले, "इतकीं वर्सें मला कोण्ही गा म्हट्लं नाहीं, पोरी. तूं म्हट्लीस."

मला आणखीच रडू आलं. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "मींही वाचलं तें." मृदंगाआडून राजप्पा काका म्हणाले, "मींही."

म्हणजे त्या भरल्या हॉलमध्ये तमिळ वाचता न येणारे आम्ही तिघंच. मी आणि ते दोन रशियन पाहुणे. आणि आपण सिनेमाला आलोय, हे त्या दोघांनासुद्धा माहीत होतं!