दोन शिक्षा, तीन वर्षं

"बोट ठेवल्याबिगर अर्थ सांगायचा न्हाय," असं म्हणत अर्ज लिहिणारे काका कागदावरच्या शब्दाखाली तर्जनी टेकवायचे. कळंबच्या कोर्टाबाहेर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. सतरा वर्षं त्यांचं टेबल माझ्याच पत्र्याखाली होतं.

वकिलाला पुन्हा विचारायला बुजणारी माणसं इंग्रजी निकाल घेऊन त्यांच्याकडे यायची. त्यांचा हातखंडा शब्द एकच, 'कॉन्करंटली'. शिक्षा दोन असल्या तरी एकाच वेळी भोगायच्या.

"समजा, कळंबातनं दोन एसट्या एकदमच सुटल्या. एक येरमाळ्याची, एक बार्शीची. लांबची बार्शीची पोचली की सुटका."

"आन् ती पंक्चर झाली तर?" एखादा विचारायचा.

"तर तुमी ढकला!"

एकदा मी विचारलं, "काका, तो शब्दच नसेल तर?"

"मग बेरीज. पण असतोच हो."

एका बाजारच्या दिवशी एक आक्का आली. मारामारीच्या खटल्यात तिच्या मुलाला दोन आणि तीन वर्षांची शिक्षा लागली होती. टेबलाभोवती गर्दी होती. निकालाची पानं चौदा. काकांनी दोनच उलटली.

"तीन वर्षं, आक्का."

"पाच न्हाय ना?"

"न्हाय. एकदमच चालत्यात."

बोट कुठंच टेकलं नव्हतं. मला ते दिसलं. मी पुढची झेरॉक्स काढत राहिलो.

तीन वर्षांनी आक्का मुलासाठी नवे कपडे घेऊन तुरुंगाच्या दारात गेली आणि तशीच परत आली. "काका, अजून दोन वर्षं म्हणायलेत."

काकांनी शेवटचं पान तीनदा वाचलं. मग चष्मा काढला.

"शब्द न्हाय, आक्का. म्या वाचलंच न्हाय."

वेळेत कळलं असतं, तर शिक्षा एकदम चालवा, असं वरच्या कोर्टात निदान मागता आलं असतं. हे त्यांनीच तिला सांगितलं.

"मालक अंथरुणावर हायेत. पोराचे दिवस मोजायलेत. त्यांना काय सांगू?"

"चला, म्या सांगतो."

त्यानंतर काका टेबलावर बसले नाहीत. दर बाजारी ते आक्काच्या गावाला जातात. एकदा स्टँडवर भेटले, तेव्हा मी विचारलं, "काय बोलता आक्काच्या मालकांशी?"

"बोलत न्हाय. त्येंनी कॅलेंडरवर फुली मारायची. म्या बघायचं."