साहेबांची गादी

मानवतच्या बसस्टँडवर ती पोरगी मला एकदाच भेटली. नाव विचारायचं राहिलंच. डिझाइन शिकत होती आणि शहरातल्या कचऱ्याचं काय करता येईल, हा तिच्या वर्गाचा प्रकल्प होता. पुढाऱ्याच्या वाढदिवसाचे फाटके फ्लेक्स शिवून, आत प्लॅस्टिकच्या पन्न्या ठासून, तिनं स्टँडातल्या मोडक्या बाकासाठी गादी केली होती. एक टोक अजून शिवायचं होतं. दोरा ओवताना ती दाभण दातांत धरायची आणि प्रत्येक टाका तळहातानं थोपटायची.

मी गादीवर बसलो होतो. तेवढ्यात एक कार्यकर्ता आला.

"साहेबांच्या तोंडावर बसायलेत लोकं. उठा."

मी उठलो.

"वाढदिवस झाल्यावर साहेब नालीत पडले होते," ती शिवता शिवता म्हणाली. "तवा न्हाई आले तुमी उचलायला."

"मग उलटं शिव की. मागून पांढरंच हाय."

तिनं हात थांबवून त्याच्याकडं पाहिलं. "उलटं शिवलं तर कचरा कुणाचा हाय, ते कसं कळायचं?"

तो फोन लावत बाहेर गेला. तिनं पुढचा टाका घातला.

आता तो कुणाकुणाला घेऊन येईल, कोण जाणे. तरी साहेबांच्या चेहऱ्यावरची धूळ मी रुमालानं झटकली आणि पुन्हा बसलो.