सासूबाईंच्या पायाचं चित्र

नवऱ्याचं नाव घेऊ न्हाई म्हणतेत, पण घेतल्याबिगर तुमाला कळायचं कसं? तर बसवंतराव. निजामाचं राज व्हतं तवा परभणीच्या एका छापखान्यात चित्रं काढायचे. बिडीच्या बंडलासाठी वाघ काढला, तर शेठ म्हणला, वाघ लय रागात दिसायलाय, जरा हसरा करा. हे घरी येऊन ताटापुढं बसून चिडचिड करायचे, "वाघ कधी हसतो का गं?" मला काय माहीत! मी कुठं वाघ बघितलाय?

मग एक सरकारी साहेब आला. गावोगाव लोकाला नारू व्हायलाय, पायातून दोऱ्यासारखा किडा निघायलाय. पाणी गाळून पिऊन तो कसा टाळायचा ते चित्रानं सांगा म्हणला, कारण लोकाला वाचता येत न्हाई. यांचा चेहराच पालटला. माझ्या सासूबाई, चन्नबसम्मा, जिंतूरजवळ आमच्या गावी राहायच्या. नारूनं दोन उन्हाळे खाटेवर काढलेले त्यांनी. "आईवर ही पाळी पुन्ना येऊ न्हाई," येवढंच हे म्हणले.

पुढं मात्र घरात दुसरा विषय न्हाई. आठ दिवस गावच्या बारवेच्या पायऱ्यांवर बसून बाया पाणी कशा भरतेत, कोण फडक्यानं गाळतंय, कोण तसंच नेतंय ते बघितलं. सासूबाईंचा पाय मांडीवर घेऊन जुन्या जखमेचा वण काढला. अकरा कागद फाडले. "पाय कसला, रताळं दिसायलंय हे!" मी म्हणलं, मला तर चांगला दिसतो. तर माझ्यावरच खेकसले. मग मला भरली घागर कडेवर देऊन उभं केलं, अन् तिकडं तव्यावर भाकरी करपली. असा संताप आला मला!

शेवटी चार चित्रं झाली. पहिल्यात नारूनं सुजलेला पाय. दुसऱ्यात मी घागरीच्या तोंडाला फडकं बांधून पाणी गाळायलेय. तिसऱ्यात तेच पाणी प्यायलेय. चौथ्यात सासूबाई धडधाकट पायानं तरातरा चालल्यात. आकडे टाका म्हणलं, तर म्हणले, "ज्याला अक्षर येत न्हाई त्याला आकडा काय कळणार? माझं चित्रच बोलतंय." केवढी ती घमेंड!

छापखान्यात वरचा मजकूर उर्दू, म्हणून चित्रं बी उजवीकडून डावीकडं लावली. छापायच्या आधी कागद यांनीच तपासला. पण हे शिकलेले उर्दू शाळेत. उजवीकडूनच बघितलं आन् खुशीत "छापा" म्हणले.

चार महिन्यांनी आमी गावी गेलो. सासूबाईंनी तो कागद खळीनं भिंतीला डकवलेला, वर विभूतीची बोटं ओढलेली. पण घागरीचं तोंड उघडं.

"आई, फडकं कुठं हाय?"

"चुलीत घातलं. तूच सांगितलंस की!" सासूबाईंनी कागदावर डावीकडून बोट फिरवलं, आपल्याकडं पोथी वाचतेत तसं. "ही बग मी, चांगली चालायलेय. मग सून पाणी प्यायलीय. मग फडक्यानं गाळायलीय. आन् शेवटी हा नारू! गाळल्यानं होतो हे आमाला कुठं ठावं व्हतं? साऱ्या गावानं फडकी सोडली, बाबा."

यांनी बी तसंच डावीकडून बोट फिरवून बघितलं. मग डोक्याचा रुमाल सोडून घागरीला बांधला आन् दारोदार वरडत फिरले, "उजवीकडून बगा! चित्र उजवीकडून बगा!" लोक म्हणले, बसवंता, कागद खरा का तू खरा? कागदावर सरकारी शिक्का व्हता. साहेबाकडं गेले, तर तो म्हणला, पुन्ना छापायला कागद न्हाई. ज्या हातानं चित्र काढलं तोच हात यांनी भिंतीवर आपटला. मला राग बी येईना, रडू बी येईना.

नारू पोटात गेला की बाहेर निघायला वरीस लागतं. ते वरीस आमी कसं काढलं ते आमालाच ठाऊक. पुढच्या उन्हाळ्यात गावाहून सांगावा आला. गेलो तर सासूबाई खाटेवर. तोच पाय, तसाच सुजलेला, घोट्यापाशी पांढरा दोरा काडीला गुंडाळलेला. यांना बघून त्यांनी पाय पुढं केला.

"ये, बस. कागद आणलास न्हवं? औंदा तरी नीट काढ."